नॅन्सी ओक्सची साक्ष
'इस्टेटीसाठी श्रीमंत घरातले सगळे शेवटी एक होतात' असं म्हणतात, पण हे मत मला पटत नाही. सर हॅरी ओक्स प्रकरण बघा. कॅनडातल्या सोन्याच्या खाणीवर गडगंज झालेल्या या माणसाचा जुलै १९४३ मध्ये बहामात नासाऊला राहत्या घरी खून झाला. आरोप आला जावई आल्फ्रेड द मारिन्यीवर. सासूने त्याच्याविरुद्ध साक्ष दिली, तर ओक्सची मुलगी, म्हणजे त्याची बायको, १९ वर्षांच्या नॅन्सीने त्याच्या बाजूने! केवढं धैर्य त्या पोरीचं. पुढे ते लग्नही टिकलं नाही. तेव्हा बहामाचा गव्हर्नर असलेल्या ड्यूक ऑफ विंडसरने (गादी सोडलेला ब्रिटनचा माजी राजा) मायामीहून बोलावलेल्या पोलिसांचा बोटाच्या ठशाचा पुरावा कोर्टात पार कोसळला, जावई सुटला. माझ्या मते खरा गुन्हेगार या पोलिसांमुळेच निसटला.