विषय: दहा वर्षे टिकेल अशी गाडी

कँटनहून —

सप्रेम नमस्कार, मिशिगनकर मंडळी,

आमची २०१२ सालची सेडान गेल्या आठवड्यात मेकॅनिकने वर उचलून मला खालून दाखवली. १ लाख ८७ हजार मैल झाल्यावरही इंजिनाची काही तक्रार नव्हती, पण मागच्या चाकांना धरून ठेवणाऱ्या सबफ्रेमवर त्याने स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला आणि तो पापडात शिरावा तसा आत गेला. "आता हिच्यावर पैसे घालू नका," असे त्याने सांगितल्यापासून आमच्या घरात दोन पक्ष पडले आहेत. यजमानांचे म्हणणे असे की डोळे मिटून जपानी गाडी घ्यावी आणि विषय संपवावा. पुण्याहून माझा भाऊ फोनवर सांगतो की हल्ली सगळ्याच कंपन्यांच्या गाड्या सारख्या झाल्या आहेत, त्यामुळे सोयी पाहून घ्या. पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई येणार असून त्यांच्या गुडघ्यांचा विचार करता आसन थोडे उंच हवे, एवढ्या एकाच मुद्द्यावर आमचे एकमत आहे.

गाडी किमान दहा वर्षे वापरण्याचा आमचा रिवाज आहे. मी दोन-तीन ठिकाणच्या क्रमवाऱ्या वाचल्या, तर एका यादीत अगदी वर असलेले नाव दुसऱ्या यादीत मधेच कुठेतरी सापडते. टिकाऊपणा हा खरोखरच कंपनीच्या नावावर ठरतो का, आणि यांपैकी कोणती यादी मानावी, हे आपल्यातील जाणकारांनी सांगावे. आपल्या या ई-मेल यादीवरचे निम्मे लोक मोटारींच्याच धंद्यात आहेत, म्हणून हे धाडस.

आपली,
मे. दे.

---

ट्रॉयहून —

मे. दे. यांस, सप्रेम नमस्कार.

मी अठ्ठावीस वर्षे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांमध्ये गुणवत्ता तपासणीचे काम केले आणि आता निवृत्त आहे. पत्र लांबेल याची आगाऊ क्षमा मागतो.

आधी याद्यांबद्दल. गाडीमालकांची मते गोळा करणाऱ्या जे. डी. पॉवर या कंपनीची एक पाहणी नव्या गाडीच्या पहिल्या ९० दिवसांची असते आणि दुसरी तीन वर्षे जुन्या गाड्यांची. दोन्हींत दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी आल्या हे मोजतात. या मोजणीत फोन गाडीला जोडला जात नाही ही एक तक्रार, आणि गिअरबॉक्स बसला हीसुद्धा एकच तक्रार. कन्झ्युमर रिपोर्ट्स ही ग्राहकांची संस्था आपल्या सभासदांना विचारते आणि इंजिन, गिअरबॉक्स यांच्या मोठ्या बिघाडांना अधिक वजन देते. दोन्ही याद्या प्रामाणिक असल्या तरी त्यांचे प्रश्न वेगळे आहेत, म्हणून उत्तरे जुळत नाहीत. आपल्याला दहा वर्षांची चिंता असल्यामुळे ९० दिवसांची यादी आपल्या काहीच कामाची नाही.

आता कंपनीच्या नावाबद्दल. मी तीन उदाहरणे देतो, ती मुद्दाम तीन देशांतील कंपन्यांची आहेत. ह्युंदाईने २०१५ मध्ये सोनाटाची लाखो इंजिने तपासणीसाठी परत बोलावली, कारण क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) घडवताना निघालेला धातूचा कीस आत राहून त्या दांड्याला आधार देणारे बेअरिंग खात होता. टोयोटाने मे २०२४ मध्ये टंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलावल्या, कारण त्यांच्या नव्या ट्विन-टर्बो व्ही-६ इंजिनात यंत्रकामाचा कचरा राहिला होता. जनरल मोटर्सने एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतील जवळपास ६ लाख मोठ्या एसयूव्ही आणि पिकअप ६.२ लिटरच्या व्ही-८ इंजिनासाठी परत बोलावल्या, आणि तिथेही कनेक्टिंग रॉड (पिस्टन क्रँकशाफ्टला जोडणारा दांडा), क्रँकशाफ्टची मापे व तेलाच्या वाटांमधला गाळ हीच कारणे निघाली. कोरियन, जपानी आणि अमेरिकी अशा तीन कंपन्या, आणि तिघींच्या इंजिनात आजार बहुतांशी एकच.

हा आजार कसा होतो ते सांगतो, कारण माझे निम्मे आयुष्य त्यातच गेले. क्रँकशाफ्टमध्ये तेल वाहण्यासाठी आडवीतिडवी भोके पाडतात, आणि जिथे दोन भोके एकमेकांना छेदतात तिथे धातूचा बारीक पदर लोंबत राहतो. तो काढून भाग मोठ्या दाबाच्या फवाऱ्याने धुवावा लागतो. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधली फट माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी असते आणि तेवढ्या फटीतला तेलाचा थर साऱ्या इंजिनाचा भार पेलतो, त्यामुळे रव्याच्या कणाएवढा कीसही तिथे पोचला तर पुरतो. आमच्याकडे दर पाळीला ठरावीक भाग निवडून ते पुन्हा एकदा स्वच्छ द्रावणात धूत, ते द्रावण पांढऱ्या गाळणकागदातून गाळत, कागद वाळवून तोलत आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरत. ज्या दिवशी धुण्याच्या यंत्राचा एखादा नोझल तुंबलेला असे, त्या दिवशी कागदावर चांदीची पूड शिंपडल्यासारखी दिसे. तो कागद पाहून लाइन थांबवायची की आजचा कोटा पुरा करायचा, हा निर्णय कोण घेतो यावर तुमच्या गाडीचे आयुष्य अवलंबून असते, आणि बॉनेटवरच्या बिल्ल्यावरून ते कळत नाही.

जपानी गाडीचे म्हणाल तर टोयोटाची कॅमरी १९८८ पासून केंटकीतील जॉर्जटाऊनला बनते आणि होंडाची अकॉर्ड १९८२ मध्येच ओहायोतील मेरिसव्हिलला बनू लागली. विंडशील्डखालच्या १७ अक्षरांच्या व्हिन नंबरचा (गाडीच्या ओळखक्रमांकाचा) पहिला आकडा १, ४ किंवा ५ असेल तर ती गाडी अमेरिकेत जोडलेली आहे, २ असेल तर कॅनडात आणि ३ असेल तर मेक्सिकोत. जपानची खूण म्हणजे J हे अक्षर. मात्र यावरून दर्जा ठरवू नये. मी एवढेच म्हणतो की "जपानी" हा शब्द आपण कशाला लावतो ते पाहावे.

म्हणून डीलरला विचारायचे ते असे: इंजिन कोणते, ते या कंपनीने कोणत्या सालापासून वापरले, आणि गिअरबॉक्स कोणता. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाचे इंजिन मी स्वतः कधीच घेत नाही, मग बिल्ला कोणताही असो.

आपला,
वि. ग.

---

नोव्हीहून —

ट्रॉयच्या काकांना सादर नमस्कार.

आपल्या पत्रातील गाळणकागदाची हकिगत वाचून मी माझ्या गाडीच्या बॉनेटकडे संशयाने पाहू लागलो आहे. तरीही आपल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. तीन अपवाद दाखवून नियम मोडत नाही. कन्झ्युमर रिपोर्ट्सची डिसेंबर २०२४ ची क्रमवारी पाहिली तर सुबारू, लेक्सस आणि टोयोटा अशी पहिली तीन नावे येतात. आणि लेक्सस-टोयोटाचे नाव वर असणे ही काही एका सालची गोष्ट नाही, गेली अनेक वर्षे ते तिथेच फिरत आहे. हा योगायोग नसून सवय आहे. ही कंपनी नवे तंत्र उशिरा आणते, जुने इंजिन थोडे थोडे सुधारत वापरत राहते, आणि समीक्षक "कंटाळवाणी गाडी" म्हणून नाक मुरडतात तेव्हा गप्प बसते. टंड्राचे इंजिन फसले कारण ते अगदी नवे होते, म्हणजे आपल्याच नियमाने पाहता कंपनी आपली सवय मोडायला गेली आणि तोंडघशी पडली.

मी स्वतः एकदा मोहाला बळी पडलो आहे. एक युरोपीय गाडी घेतली होती, नाव लिहीत नाही. ६२ हजार मैलांवर थर्मोस्टॅटचे प्लास्टिकचे घर तडकले, कूलंट गळाला, आणि तो भाग इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली इतका खोल बसवलेला की भागाच्या किमतीपेक्षा मजुरी तिप्पट झाली. एकूण बिल १ हजार ९०० डॉलर. वॉरंटी संपून जेमतेम दोन महिने झाले होते. त्या गाडीत काही यंत्रकामाचा कचरा राहिला नव्हता. जे ठरले होते ते ठरल्याप्रमाणेच बनले होते, फक्त मालक चौथ्या वर्षी काय करील याचा विचार ठरवणाऱ्याने केला नव्हता. हा विचार करणे अथवा न करणे हा कंपनीचा स्वभाव असतो, आणि स्वभाव बिल्ल्यावरून पुष्कळसा कळतो.

आपला नम्र,
अ. कु.

---

ॲन आर्बरहून —

नमस्कार. मी गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणून दोनच गोष्टी लिहिते.

पहिली गोष्ट अशी की आजच्या गाडीचे खर्च इंजिनाबाहेरही पुष्कळ असतात. आय-९४ महामार्गावर पुढच्या ट्रकने उडवलेला खडा माझ्या काचेवर बसला. पूर्वी काच बदलली की काम झाले. आता काचेमागे लेन ओळखणारा कॅमेरा असतो आणि तो नव्या काचेशी पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, त्याचे बिल काचेइतकेच आले. हा बिघाड कोणत्याच यादीत मोजला जाणार नाही, पण दहा वर्षांत तो एकदा तरी होणारच असे धरून चाला, आणि विमा घेताना काचेचे कलम वाचा.

दुसरी गोष्ट सीव्हीटी या शब्दाची, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या, वेगाचे प्रमाण सलग बदलणाऱ्या गिअरबॉक्सची. ज्या सीव्हीटीच्या तक्रारी आपण ऐकतो आणि ज्यांची वॉरंटी निस्सानला वाढवून द्यावी लागली, त्यांत दोन पुलींवर ताणलेला धातूचा पट्टा असतो. टोयोटाच्या हायब्रिडला ई-सीव्हीटी म्हणतात, पण त्यात पट्टा, पुली, क्लच यांपैकी काही नाही; एक प्लॅनेटरी गिअरचा (मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या दातेरी चाकांचा) संच आणि दोन मोटर्स एवढाच कारभार आहे, आणि ही मांडणी १९९७ च्या पहिल्या प्रायसपासून चालत आली आहे. नाव एक असले तरी वस्तू दोन आहेत, त्यामुळे "सीव्हीटी नको" असे सरसकट म्हणणाऱ्यांचे ऐकू नये.

— ऋ.

---

ट्रॉयहून, पुन्हा —

अ. कु. यांस,

कंपनीला स्वभाव असतो हे आपले म्हणणे मी मान्य करतो, आणि माझ्या पहिल्या पत्रात ते यायला हवे होते. मात्र स्वभावाचीही दुसरी बाजू पाहावी. चूक झाल्यावर कंपनी कशी वागते, हे मी जास्त मोलाचे मानतो. ह्युंदाईच्या इंजिनांची खरी माहिती अमेरिकी सुरक्षा खात्याला दिली ती त्यांच्याच कंपनीतील किम ग्वांग-हो या अभियंत्याने, आणि त्याबद्दल २०२१ मध्ये त्या खात्याने त्याला २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक बक्षीस दिले. कोणी उघड करीपर्यंत गप्प बसणे हाही स्वभावच झाला. आपल्या लाडक्या टोयोटाच्याही टॅकोमा पिकअपच्या चॅसी (खालचे सांगाडे) गंजल्या, त्यावरचा ग्राहकांचा दावा २०१६ मध्ये मिटला आणि त्याची किंमत ३४० कोटी डॉलरपर्यंत धरली गेली. तिथे कंपनीने पुष्कळांच्या चॅसी बदलून दिल्या, हेही लिहिले पाहिजे.

गंजावरून मे. दे. यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. बाई, आपली गाडी इंजिनाने मेली नाही, मिठाने मेली. डेट्रॉईटच्या खाली हजारेक फुटांवर मिठाची खाण आहे. या गावाच्या पोटातच मीठ आहे आणि हिवाळाभर आपण ते रस्त्यावर ओततो. मिशिगनमध्ये दहा वर्षांचा हिशेब करताना कोणती कंपनी या प्रश्नाआधी दर शरद ऋतूत गाडीला खालून तेलाचा लेप देणार का, आणि हिवाळ्यात पंधरवड्याला खालचा भाग धुणार का, हे प्रश्न येतात. लेपाला दीडशे-दोनशे डॉलर पडतात. रबरासारखा कडक होणारा काळा लेप मात्र घेऊ नये, कारण त्याला तडा गेला की पाणी त्याच्या आत शिरते आणि गंज बाहेरून दिसतही नाही.

थंडीचा आणखी एक धडा आहे. होंडाच्या १.५ लिटर टर्बो इंजिनात थंड प्रदेशांत पेट्रोल तेलात मिसळत असे, विशेषतः ज्यांचा प्रवास दोन-तीन मैलांचा असतो त्यांच्या गाड्यांत, कारण इंजिन पुरते तापतच नाही आणि पेट्रोल उडून जायला अवसर मिळत नाही. डिपस्टिक बाहेर काढली तर तेलाला पेट्रोलचा वास येई. कंपनीने वॉरंटी वाढवून दिली. तेच इंजिन फ्लोरिडात बिनतक्रार चालले असेल. आपला रोजचा रस्ता किती मैलांचा आहे, हे आपण कळवले नाही.

थोडे विषयांतर करतो. माझ्या वडिलांची कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी दादर ते खोपोली या प्रवासात एकदा तरी तापायचीच. बॉनेट उघडायचे, कार्ब्युरेटरवर ओले फडके ठेवायचे, बटाटेवडा खायचा आणि निघायचे. तिला कोणी अविश्वसनीय म्हटल्याचे मला आठवत नाही, कारण तिचा बिघाड रस्त्याच्या कडेला कोणालाही दुरुस्त करता येई. आजची गाडी कितीतरी कमी बिघडते आणि बिघडली की टोइंगवाल्याला बोलवावे लागते. आपल्या तक्रारी वाढल्या त्यातला काही भाग एवढाच आहे.

जुनी गाडी घेणार असाल तर एक सावधगिरी बाळगा. ह्युंदाई आणि किया यांची १० वर्षे अथवा १ लाख मैलांची इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी पहिल्या मालकाला असते. साध्या विक्रीत दुसऱ्या मालकाला ती ५ वर्षे आणि ६० हजार मैलच मिळते. सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर व्हिन नंबर टाकला की राहिलेले रिकॉल (कंपनीने परत बोलावून करायच्या दुरुस्त्या) दिसतात आणि ते काम फुकट होते. त्याच जागी कंपनीने डीलरांना धाडलेली तांत्रिक पत्रकेही असतात. ती कोणी वाचत नाही, पण ज्या भागावर चार-चार पत्रके निघाली आहेत तो भाग दुखणारा आहे हे समजावे.

— वि. ग.

---

कँटनहून —

सर्वांस नमस्कार.

उशिरा लिहीत आहे. माझा रोजचा रस्ता चार मैलांचा आहे, तेव्हा काकांच्या पत्रानंतर लहान टर्बो इंजिने यादीतून गेली. आम्ही तीन वर्षे जुनी हायब्रिड घेतली. अडीच लिटरचे बिनटर्बोचे इंजिन, आणि ते त्या कंपनीने आणून सहा वर्षे झाली आहेत. यजमान खूश आहेत, कारण बिल्ला जपानी आहे. मी खूश आहे, कारण व्हिन नंबर ४ ने सुरू होतो आणि मी ते त्यांना अजून सांगितलेले नाही.

तांत्रिक पत्रके वाचताना कळले की मागच्या सीटच्या बाजूला बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी असते. विकणाऱ्याच्या अंगणात गाडी पाहताना मी ती काढून पाहिली, तर तिच्यावर कुत्र्याच्या सोनेरी केसांची चक्क गादी बसली होती. विकणाऱ्या गृहस्थांना अशी जाळी असते हेच ठाऊक नव्हते. त्यांनी ३०० डॉलर कमी केले आणि मी जाळी घरी आणून टूथब्रशने साफ केली.

डीलरच्या पुस्तकात ऑइल १० हजार मैलांवर बदला असे छापले आहे. चार मैलांच्या रस्त्याला ते ५ हजारांवर बदलावे का, एवढे काकांनी कळवावे. लेपाची वेळ ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारची मिळाली आहे.

आपली,
मे. दे.