मदत हवी आहे : अमेरिका व्हिएतनाममध्ये नेमकी कशासाठी उतरली?

मंडळी, आमच्या वाचनकट्ट्यावर शीतयुद्धावर बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय आणि गाडी व्हिएतनामपाशी अडलीये.

पाठ्यपुस्तकी उत्तर ठाऊक आहे. एप्रिल १९५४मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी पत्रकारांपुढे डॉमिनोंच्या रांगेची उपमा दिली : एक देश कम्युनिस्टांकडे गेला की शेजारचेही जाणार. व्हिएतनामवरची आपली सत्ता टिकवायला फ्रेंच तिथे लढत होते, त्या लढाईला अमेरिकेचा पैसा १९५०पासूनच जात होता. १९५४च्या जिनिव्हा करारात ठरलेली, उत्तर आणि दक्षिण व्हिएतनाम एक करण्यासाठीची १९५६ची निवडणूक झालीच नाही, कारण उत्तरेतले कम्युनिस्ट नेते हो चि मिन्ह जिंकतील ही धास्ती. (लोकशाही वाचवायला निघालेल्यांना निवडणूकच नको! असो.)

माझी पंचाईत पुढे होते. मार्च १९६५मध्ये अमेरिकेचे मरीन सैनिक दक्षिण व्हिएतनाममधल्या दा नांगला उतरले. त्याच महिन्यात संरक्षण खात्यातल्या जॉन मॅकनॉटन यांनी संरक्षणमंत्री मॅकनमारांसाठी एक टिपण केलं. त्यात उद्दिष्टांची चक्क टक्केवारी आहे. मानहानिकारक पराभव टाळणं ७० टक्के, दक्षिण व्हिएतनाम चीनच्या हाती न पडू देणं २० टक्के, आणि तिथल्या लोकांना बरं, मोकळं जगता यावं यासाठी उरलेले १०. त्याआधी, मे १९६४मध्ये, खुद्द अध्यक्ष जॉन्सन फोनवर आपले सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडींना म्हणतात की हे लढण्याच्या लायकीचं वाटत नाही, पण यातून बाहेर पडता येईल असंही वाटत नाही. हे संभाषण ध्वनिमुद्रित आहे.

मग कम्युनिझमची भीती खरी किती आणि अब्रूचा प्रश्न किती? व्हिएतनाम आणि चीनचं जुनं वैर वॉशिंग्टनला दिसत नव्हतं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. मराठीत काही वाचण्यासारखं असेल तर तेही सुचवा.

प्रतिसाद : घरचं राजकारण धरलंत का? १९४९मध्ये चीन कम्युनिस्टांकडे गेला, तेव्हा 'चीन कुणी घालवला' म्हणत रिपब्लिकनांनी तेव्हाचे डेमोक्रॅट अध्यक्ष ट्रुमन यांना सळो की पळो करून सोडलं. जॉन्सन तेव्हा सिनेटमध्ये होते, सगळं डोळ्यांदेखत झालेलं. आता तारखा बघा. २८ जुलै १९६५ला त्यांनी व्हिएतनाममधलं सैन्य ७५ हजारांवरून सव्वा लाखावर नेण्याची घोषणा केली आणि ३० जुलैला म्हाताऱ्यांच्या आरोग्यविम्याच्या, म्हणजे मेडिकेअरच्या, कायद्यावर सही केली. सायगाव, म्हणजे दक्षिण व्हिएतनामची राजधानी, हातचं गेलं असतं तर असले कायदे काँग्रेसमधून रेटायला लागणारी पत राहिली नसती, हा त्यांचा हिशोब.

धागाकर्ता : आभार! हे डोक्यातच आलं नव्हतं. पण मग जॉन्सननंतरचे अध्यक्ष निक्सन यांनी १९६९नंतर युद्ध का रेटलं? त्यांच्यामागे तर असले कायदे नव्हते.