गिटार नव्याने शिकतेय, मोजक्या कॉर्ड्सची सोपी गाणी सुचवा

पहिली तार:
नमस्कार. अकूस्टिक गिटार शिकायला सुरुवात केली आहे. जी, सी, डी, ई मायनर आणि ए मायनर या कॉर्ड्स चार्ट बघून लावता येतात, सुट्या वाजवल्या तर बऱ्याही वाजतात. पण गाणं सुरू केलं की कॉर्ड बदलताना हात अडतो आणि लय तुटते. नुसत्या कॉर्ड्स घोटत बसायचा कंटाळा येतो, मला गाण्यांतूनच शिकायचं आहे. कोणती गाणी घेऊ आणि कोणत्या क्रमाने? एफ अजिबात लागत नाही, ती येईपर्यंत तिची गाणी बाजूला ठेवायची का? आणखी एक, मी गाते आणि माझी पट्टी काळी पाच आहे. तयार मिळणाऱ्या कॉर्ड्स माझ्या गळ्याला कधीच जुळत नाहीत.

केरवा:
गाणं निवडताना त्यात किती कॉर्ड्स आहेत यापेक्षा त्या किती लवकर बदलतात ते बघा. तीन कॉर्ड्सचं गाणंही दर दोन मात्रांना बदलत असेल तर नवशिक्याला झेपत नाही. चार कॉर्ड्सचं गाणं संथ असेल तर सहज जमतं.

माझा क्रम असा. आधी दोन कॉर्ड्सचं काहीतरी. हँक विल्यम्सचं १९५२ सालचं 'जांबालाया' सी आणि जी एवढ्यावर पूर्ण होतं. मग 'हॅपी बर्थडे'. त्याला लहान मुलांचं गाणं म्हणून सोडू नका, त्यात जी, सी, डी तिन्ही येतात आणि चाल दादऱ्याच्या अंगाने तीन-तीन मात्रांची आहे. 'हॅपी' हा शब्द समेच्या आधी येतो, तिथे काही वाजवायचं नाही. 'बर्थ'वर जी, 'यू'वर डी. दुसऱ्या ओळीत 'बर्थ'वर डीच, 'यू'वर जी. तिसऱ्या ओळीत जीने सुरुवात आणि नावावर सी. शेवटच्या ओळीत जी, 'टू'वर डी आणि लगेच 'यू'वर जी. हा शेवटचा बदल सगळ्यात घाईचा आहे, तेवढाच तुकडा वेगळा काढून बसवा.

त्यानंतर बॉब डिलनचं १९७३ सालचं 'नॉकिन ऑन हेवन्स डोअर': जी, डी, ए मायनर, पुन्हा जी, डी आणि मग सी. चाल संथ आहे, ए मायनर आणि सीवर भरपूर थांबायला मिळतं. तुमच्या पाचपैकी चार कॉर्ड्स यात आहेत. पाचवी, म्हणजे ई मायनर, हवी असेल तर बेन ई. किंगचं १९६१ सालचं 'स्टँड बाय मी' जीमध्ये घ्या: जी, ई मायनर, सी, डी, पुन्हा जी. तेच चक्र गाणं संपेपर्यंत फिरतं, त्यामुळे लक्षात ठेवायला काही लागत नाही.

बोटांचा हिशोब:
केरवा यांनी गाणी छान दिली आहेत. मी हाताबद्दल लिहितो, कारण अडचण तिथे आहे.

कॉर्ड सुटी शिकू नका, जोडी शिका. उदाहरणार्थ सी आणि ए मायनर. सी लावा (तारा खालच्या बारीक तारेपासून मोजायच्या, फ्रेट म्हणजे मानेवरची घरं): तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला, मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. आता फक्त अनामिका उचला आणि तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला ठेवा. झाली ए मायनर. बाकीची दोन बोटं हललीच नाहीत. बहुतेक जण तिन्ही बोटं उचलून हवेत नेतात आणि परत पहिल्यापासून जुळवतात, वेळ तिथे जातो.

जीची जोडी तर आणखी सोयीची. जी चार बोटांनी लावा, म्हणजे अनामिका आणि करंगळी खालच्या दोन तारांवर तिसऱ्या फ्रेटला. ती दोन्ही तिथेच रोवून ठेवा. तर्जनी पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला असतेच. मधलं बोट सहाव्या तारेवरून चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला आणलं की ई मायनर सेव्हन होते. मधलं बोट पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला आणि तर्जनी चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला नेली की सी अ‍ॅड नाइन. साध्या ई मायनर आणि सीच्या जागी या दोन्ही बहुतेक गाण्यांत खुशाल चालतात, किंबहुना कानाला गोड लागतात.

मिनिटभराचा गजर लावा आणि एकाच जोडीचे किती बदल स्वच्छ होतात ते मोजा. दुसऱ्या दिवशी तीच जोडी पुन्हा. आकडा वाढताना दिसला की कंटाळा येत नाही.

जुनी गिटार:
वरच्या सोयी उपयोगी आहेत, पण माझं मत थोडं वेगळं. साधी सी आणि साधी ई मायनर आधी पक्की करा. अनामिका-करंगळी रोवून ठेवायची सवय लागली की पुढे जी सोडून दुसऱ्या पट्टीत वाजवताना हात बावरतो. रोज थोडा वेळ तरी बोटं पूर्ण उचलून, नजर फ्रेटवर न ठेवता कॉर्ड पकडायचा रियाज हवाच.

आणि कॉर्ड लावली की एकेक तार छेडून ऐका. सीमध्ये पहिली तार मुकी निघत असेल तर तर्जनी आडवी पडते आहे. बोटाचं टोक उभं ठेवा, अंगठा मानेच्या मागे घ्या आणि तार फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी लागून दाबा. मग जोरही कमी लागतो.

पहिली तार:
सी आणि ए मायनरची जोडी आत्ताच करून बघितली, खरंच एकच बोट हलवावं लागतं! पण बदलताना उजवा हात आपोआप थांबतो, त्याचं काय करू?

केरवा:
उजवा हात थांबवायचाच नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. केरव्याच्या आठ मात्रा तोंडाने म्हणा, 'धा गे ना ति न क धि न', आणि मात्रेगणिक हात खाली, वर, खाली, वर असा फिरता ठेवा. डावा हात वेळेत पोचला नाही तर आवर्तनातल्या शेवटच्या मात्रेवर मोकळ्या तारा वाजू द्या. ऐकणाऱ्याला ते खटकत नाही, लय तुटलेली लगेच खटकते. नवी कॉर्ड समेवर मिळाली म्हणजे झालं. तरीही अडत असेल तर गाण्याची लय निम्मी करा.

सा ग प:
पट्टीचं सांगते. काळी पाच म्हणजे ए शार्प. कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) तिसऱ्या फ्रेटला लावा आणि जीच्या कॉर्ड्स वाजवा. दर फ्रेटला अर्धा सूर चढतो, त्यामुळे जी तीन घरं चढून काळी पाचवर येते. काळी चारमध्ये गाणं असेल तर कॅपो पहिल्या फ्रेटला.

यातच तुमच्या एफचंही उत्तर आहे. सी, एफ, जी अशा कॉर्ड्सचं गाणं मिळालं तर सीच्या जागी जी, एफच्या जागी सी, जीच्या जागी डी वाजवा. गाणं तेच, पट्टी बदलली, एफ गायब. मायनर कॉर्डही त्याच अंतराने हलवायची, ए मायनरची ई मायनर होते.

आणि तुमच्या आवडीच्या गाण्यांच्या कॉर्ड्स स्वतः शोधा. जीला सा धरला तर जी म्हणजे सा-ग-प, सी म्हणजे म-ध-सा, डी म्हणजे प-नी-रे, ई मायनर म्हणजे ध-सा-ग. चाल गुणगुणा आणि समेवर कुठला सूर ठरतो ते ऐका. म किंवा ध असेल तर आधी सी वाजवून बघा, नी किंवा रे असेल तर डी. सा तीन ठिकाणी येतो, ग आणि प दोन-दोन ठिकाणी, तिथे त्या सगळ्या कॉर्ड्स वाजवून कानाला विचारा. हे शुद्ध सुरांच्या चालींना चालतं. कोमल रे किंवा तीव्र म असलेल्या चालीवर या कॉर्ड्स बोचतात, तिथे तानपुऱ्यासारखा नुसता सा-प धरावा.

पहिली तार:
कॅपो आहे, आजच लावते. म्हणजे एफ शिकायचीच नाही का?

बोटांचा हिशोब:
शिकायची, पण पायरीपायरीने. आधी एफ मेजर सेव्हन घ्या. सी लावलेली असताना तर्जनी तिथेच ठेवून मधलं बोट आणि अनामिका, दोन्ही त्याच फ्रेटवर एकेक तार खाली सरकवा. वरच्या दोन तारा वाजवायच्या नाहीत, पहिली मोकळी. ती अंगवळणी पडली की तर्जनी आडवी करून पहिली तारही दाबायची. सहाही तारा तर्जनीने आडव्या दाबायची बार कॉर्ड त्याच्या नंतर.