शब्दचर्चा: ‘फड’, आणि त्याच्या मागे लागलेला ‘शाश्वत’

भाषांतरी
सामाईक नैसर्गिक संसाधनं आणि ग्रामीण उपजीविका या विषयावरचा इंग्रजी मजकूर मराठीत आणतेय. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचे कालवे, फिलिपाइन्समधल्या ‘सान्हेरा’ (शेतकऱ्यांच्या पाणी संघटना) आणि आपल्या धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम, आरम नद्यांवरची फड पद्धत, म्हणजे गावाने मिळून चालवलेलं सिंचन, असे दाखले शेजारी शेजारी येतात. इंग्रजीत ‘फड’ तसाच ठेवलाय आणि पुढे ‘शेतांचा गट’ अशी पुस्ती जोडली आहे. मराठीत ‘गट’ लिहिलं की सातबाऱ्यावरचा गट नंबर आठवतो. ‘भूखंड’ म्हणजे प्लॉट. नुसतं ‘फड’ ठेवलं तर कोल्हापूरकडच्या वाचकापुढे ऊसतोड नाहीतर कुस्ती उभी राहणार. काय करावं?

कोशकिडा
तमाशाचा फड, कुस्तीचा फड, वारकऱ्यांचा फड, ऊसतोडीचा फड. सगळीकडे चार माणसं जमून ठरलेल्या शिस्तीत एक काम करतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही (दुसरी आवृत्ती १८५७) लोक जमून कामकाज चालवतात ती जागा, हाच अर्थ पुढे आहे. माझं मत, खानदेशातला फडही आधी माणसांचा आणि मग जमिनीचा.

(‘फडणीस’ मात्र इथे ओढू नये. तो फारसी ‘फर्दनवीस’वरून आलाय. फर्द म्हणजे कागद, यादी.)

पांझराकाठ
कोशकिडा भाऊ, व्युत्पत्ती मान्य. पण साक्री-धुळ्याकडे फड म्हटलं की बोट जमिनीकडेच जातं. ‘औंदा या फडात गहू, त्या फडात ऊस’ हीच बोली. व्यवस्था अशी: नदीत बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटाला चाऱ्या (लहान पाट), चाऱ्यांतून वावरात पाणी, जास्तीचं पाणी सांडव्याने परत नदीला. पाट दोन किलोमीटरपासून बारा किलोमीटरपर्यंत लांब. त्याखालची कायम बागायत बहुधा चार फडांत वाटलेली. एक फड १० हेक्टरचाही असतो, २०० चाही. सरासरी १००-१२५ धरा. दरसाल गाव ठरवतं कुठला फड भिजवायचा, कुठला पडीक ठेवायचा, आणि एका फडात एकच पीक. ही शेवटची अट ‘शेतांचा गट’ या शब्दांत कुठेच येत नाही.

भाषांतरी
एकच पीक का? इंग्रजीत ‘जमिनीच्या आरोग्यासाठी’ असं एका ओळीत उरकलंय.

पाटचारी
ते अर्धंच कारण आहे. खरी गोष्ट पाळीच्या हिशोबात आहे. पाटाची वहनक्षमता साधारण सेकंदाला ४५० लिटर सांगतात. म्हणजे चोवीस तासांत ३८,८८० घनमीटर. एका पाळीला ७.५ सेंटिमीटर पाणी द्यायचं तर हेक्टरी ७५० घनमीटर लागतं. कागदावर दिवसाला ५१-५२ हेक्टर भिजतं. मातीच्या पाटात आणि चाऱ्यांत निम्मं मुरलं असं धरू, म्हणजे उरलं २६. १०० हेक्टरच्या फडाला चार दिवस.

आता त्याच फडात कुणी गहू आणि कुणी ऊस लावला असं समजा. उन्हाळ्यात उसाला ८-१० दिवसांनी पाणी लागतं, भारी जमिनीतल्या गव्हाला १८-२१ दिवसांनी. एका उसासाठी अख्खी चारी पुन्हा ओली करायची, आणि त्यात जे मुरेल ते कुणाच्याच पिकाला नाही. शिवाय उसाच्या बांधाखालून पाझर शेजारच्या गव्हात जातो, गहू पिवळा पडतो, आणि भांडण पाटकऱ्याच्या, म्हणजे पाणी वाटणाऱ्या माणसाच्या, डोक्यावर. एक पीक असलं की बारी (पाण्याचा क्रम) लावणं सोपं: एका टोकाला धरायचं, दुसऱ्या टोकाला सोडायचं. चोरीचं पाणीही लगेच उघडं पडतं, कारण गव्हाच्या फडात हिरवागार उसाचा तुकडा लपत नाही.

भाषांतरी
मग ‘रोटेशन’चं काय? एका परिच्छेदात तीनदा आलाय. मी सगळीकडे ‘आवर्तन’ केलं.

पाटचारी
तिथेच घोळ होतो. एका वावराला ठरावीक दिवसांनी मिळतं ती पाळी. धरणातून कालव्याला सुटतं ते आवर्तन, आणि हा शब्द पाटबंधारे खात्यातून आलेला आहे. पुढच्या साली ऊस दुसऱ्या फडात जातो तो फेरपालट. इंग्रजीत तिन्हींना एकच शब्द चालतो, आपल्याकडे तिन्ही वेगळे. ‘आवर्तनामुळे जमिनीचा कस टिकतो’ असं छापलं तर वाचक हसेल.

फेरपालट टिकली त्यामागचं आणखी एक कारण: खातेदाराची जमीन सहसा वेगवेगळ्या फडांत विभागलेली असायची. ऊस कुठल्याही फडात गेला तरी थोडा वाटा त्याचा. वाटण्या, खरेदी-विक्री होऊन एखाद्याची सगळी जमीन एकाच फडात आली, की पडीक फडाच्या साली तो माणूस गावाचा निर्णय का मानेल?

कोशकिडा
म्हणजे ‘फड’ जमीनही आहे आणि करारही. मी माझं वरचं ‘आधी माणसांचा’ निम्मं मागे घेतो.

पांझराकाठ
ताई, तुम्ही बंधाऱ्याला कुठे ‘धरण’ तर केलं नाही ना? फडाचा बंधारा पाणी साठवत नाही, वळवतो. त्याची ‘साठवण क्षमता’ लिहायची नसते.

भाषांतरी
केलं होतं. बदलते. पुढचा अडसर: ‘सस्टेनेबल इरिगेशन’. शासकीय परिभाषेप्रमाणे ‘शाश्वत सिंचन’ लिहिलंय.

सातपुडा
हे लिहाच नका, किंवा लिहिलंत तर तळटीप द्या. शेतकऱ्याच्या आणि तालुका कृषी कार्यालयाच्या तोंडी ‘शाश्वत पाणी’ म्हणजे हमखास पाणी, हवं तेव्हा मोटर सुरू केली की येणारं. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात बोअर हे शाश्वत पाणीच समजलं जातं. मजकुराला हवा असलेला अर्थ मात्र उलटा आहे: उपसा पुनर्भरणाच्या आत राहून पुढच्या पिढीलाही पुरेल असं पाणी. बोअर आज हमखास असतो आणि त्याच वेळी पातळी खाली नेत असतो. फडाचं पाणी नदी आटली की बंद, म्हणजे हमखास अजिबात नाही, पण पद्धत तीनचारशे वर्षं चालली. एकाच शब्दाने दोघांना नाव दिलं तर वाचक बोअरला टाळ्या वाजवेल.

(जाता जाता: सातपुड्याच्या पायथ्याच्या गोटाड (दगडगोट्यांच्या) पट्ट्याला आपले पेपरवाले ‘बझाडा झोन’ म्हणतात. शब्द अहिराणी वाटतो, पण आहे स्पॅनिश. मूळ उच्चार ‘बाहादा’, अर्थ उतार. पाणी जिरायला सगळ्यात चांगली जागा तीच.)

कोशकिडा
‘टिकाऊ’?

सातपुडा
टिकाऊ चप्पल असते. क्रियापद वापरा: ‘टिकून राहणारं सिंचन’. लांब होतं, पण खोटं होत नाही.

भाषांतरी
आणि ‘लाइव्हलीहूड’? मी ‘उपजीविका’वर थांबलेय.

सातपुडा
थांबा तिथेच. केंद्राच्या ग्रामीण उपजीविकेच्या अभियानाच्या हिंदी नावात ‘आजीविका’ आहे, राज्यात त्याचं ‘ग्रामीण जीवनोन्नती अभियान’ झालं, म्हणजे आपलं ‘उमेद’. जीवनोन्नती हा हेतू झाला, उपजीविका ही वस्तुस्थिती. धडगावचं कुटुंब मोहफुलं, चारोळी, डिंक वेचून, चार महिने शेती करून, दोन महिने बाहेर मजुरीला जाऊन जगतं. यात उन्नती असेल-नसेल, उपजीविका आहेच. रॉबर्ट चेंबर्स आणि गॉर्डन कॉनवे या ग्रामीण विकासाच्या अभ्यासकांनी १९९२ मध्ये जी व्याख्या रूढ केली तिच्यात कमाईबरोबर कौशल्य, साधनं, हक्क आणि झटका बसल्यावर सावरण्याची ताकद धरली आहे. बोलीत याला जवळचा शब्द ‘पोटापाणी’, पण त्यात हक्क येत नाही.

पाटचारी
हक्कावरून आठवलं. पाटकरी आणि जागल्या (राखणदार) यांना पूर्वी पिकातून धान्य मिळायचं. त्यांची उपजीविका फडावरच होती, जमीन नसली तरी. सामाईक संसाधनांच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये सामाईक व्यवस्था टिकण्याच्या ज्या आठ अटी मांडल्या, त्यांत देखरेख आहे, आणि देखरेख करणारा वापरणाऱ्यांना बांधील हवा असंही आहे. जागल्याचं धान्य वापरणाऱ्यांच्याच खळ्यावरून येतं तेव्हा ही अट आपोआप पुरी होते. भाषांतरात त्याला ‘सुरक्षा रक्षक’ करू नका.

भाषांतरी
मग पहिल्या उल्लेखाला हे वाक्य टाकते, बघा: ‘फड: नदीवरच्या बंधाऱ्यातून निघालेल्या पाटाखालच्या बागायतीचा एक भाग, त्यात त्या साली एकच पीक, आणि ते कुठलं, हे लाभार्थी मिळून ठरवतात.’ पुढे सगळीकडे नुसता ‘फड’, पुल्लिंगी, अनेकवचनही ‘फड’च.

पांझराकाठ
‘लाभार्थी’ काढा. लाभार्थी योजनेचे असतात. ‘खातेदार’ लिहा.

पाटचारी
आणि ‘पडीक ठेवायचा का’ हेही त्या वाक्यात घाला. पीक ठरवण्याआधी गावात तेच ठरतं.