क्वांटम फील्ड थिअरीला काटेकोर गणिती पाया हवाच कशाला?

शून्योत्तर (धागाकर्ता):
गणितवाल्यांचं एक पालुपद ठरलेलं आहे. क्वांटम फील्ड थिअरी (कण आणि बलं यांचं क्वांटम क्षेत्रांच्या भाषेतलं वर्णन) चार मितींमध्ये, म्हणजे अवकाशाच्या तीन आणि काळाची एक, अजून कुणी धड व्याख्याबद्ध केलेली नाही, म्हणून ती अर्धीकच्ची. माझं म्हणणं, नसेना का! काय अडलंय?

इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व घ्या. डिरॅकच्या समीकरणातून 'जी' हा त्या चुंबकत्वाचं माप सांगणारा आकडा बरोबर २ येतो. १९४८ मध्ये श्विंगरने पहिली दुरुस्ती छापली. 'जी'च्या निम्म्या किमतीत ती म्हणजे अल्फा (विद्युतचुंबकीय बलाची ताकद सांगणारा आकडा) भागिले दोन पाय, साधारण ०.००११६. पुढच्या पिढ्यांनी पायरी पायरीने हिशेब वाढवत नेला. पाचव्या पायरीला १२,६७२ फाइनमन आकृत्या (हिशेबाचं एकेक पद दाखवणारी रेषाचित्रं) आहेत. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्नच्या गटाने एकच इलेक्ट्रॉन सापळ्यात धरून 'जी'ची निम्मी किंमत मोजली: १.००११५९६५२१८०५९. सिद्धांत जवळजवळ बारा अंकांपर्यंत याच्याशी जुळतो. आणि आम्हाला कोण सांगतंय, तर पाया नाही म्हणून!

राहिला प्रश्न अनंतांचा, म्हणजे हिशेबात मधेच अनंत उत्तरं येतात त्याचा. केनेथ विल्सनने १९७० च्या दशकात तो निकालात काढला. हवं तितक्या लहान अंतरापर्यंत सिद्धांत खरा आहे असं धरलं की अनंत येतात. तसं धरू नका. अवकाशावर ठरावीक अंतराच्या ठिपक्यांची जाळी घाला, तिच्यापेक्षा बारीक काही बघणार नाही असं कबूल करा आणि मोकळे व्हा. डिरॅकचं डेल्टा फंक्शनसुद्धा (एका बिंदूवर अनंत, बाकी सगळीकडे शून्य) भौतिकीवाले आधी बिनदिक्कत वापरत होते, लोरां श्वार्ट्झने त्याला रीतसर जागा दिली ती १९४० च्या दशकात. मधल्या काळात कुणी हात बांधून बसलं नव्हतं.

माजी_मास्तर:
असहमत. बारा अंक जुळतात हे मान्य, पण कशाशी जुळतात? तुमची बेरीज ही एका श्रेणीची पहिली पाच पदं आहेत. ती श्रेणी अभिसारी नाही, म्हणजे पदं वाढवत गेलं तरी बेरीज एका संख्येवर स्थिरावत नाही, हे डायसनने १९५२ मध्येच दाखवलं. त्याचा युक्तिवाद इतका सोपा आहे की बारावीच्या पोरालाही सांगता येतो. अल्फाचं चिन्ह उलटं करा. आता सजातीय भार एकमेकांना खेचतात. निर्वातातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (त्याचा धनभारित जुळा) यांच्या जोड्या काढा, इलेक्ट्रॉन एका बाजूला जमवा, पॉझिट्रॉन दुसऱ्या बाजूला. पुरेशा जोड्या काढल्या की ऊर्जा उतरतच जाते आणि निर्वात कोसळतो. म्हणजे अल्फा शून्याच्या किंचितही खाली गेला की उत्तराला अर्थच राहत नाही. श्रेणी शून्याभोवती अभिसारी असती, तर दोन्ही बाजूंना चालायला हवी होती. ढोबळ अंदाजाने शे-सव्वाशे पदांनंतर पदं लहान व्हायच्या ऐवजी वाढू लागतात.

मग ही पाच पदं नेमकी कुठल्या संख्येचा अंदाज आहेत? ती संख्या सांगा, मी गप्प बसतो.

वर हागचं प्रमेय (१९५५) आहेच. पाठ्यपुस्तकात ज्या 'इंटरॅक्शन पिक्चर'वरून (मुक्त कणांपासून सुरुवात करून वर क्रिया चढवायची मांडणी) हिशेब सुरू होतो, ते पिक्चर काटेकोर अर्थाने अस्तित्वातच नाही.

खडूचा_तुकडा:
मास्तरांना +१. शिवाय इतिहास बघा. 'जी'च्या हिशेबातल्या दुसऱ्या पायरीचा सहगुणक १९५० मध्ये कार्पलस आणि क्रोल यांनी उणे २.९७३ काढला. सात वर्षांनी पीटरमन आणि सॉमरफील्ड यांनी स्वतंत्रपणे तो उणे ०.३२८ असल्याचं दाखवलं. जवळजवळ नऊपट फरक! पाया नसला की असं होतं.

शून्योत्तर:
@खडूचा_तुकडा, ती आकडेमोडीतली चूक होती, पायाचा काय संबंध? आणि काटेकोर लोक चुकत नाहीत का? १९९१ चा किस्सा ऐका. क्विंटिक थ्रीफोल्डवर (पाचव्या घाताच्या समीकरणाने बनणारी तीन मितींची भूमितीय आकृती) तिसऱ्या घाताचे परिमेय वक्र किती, याचं उत्तर कॅन्डेलास आणि मंडळींनी मिरर सिमेट्रीने, म्हणजे दोन वेगळ्या भूमितींतून एकच भौतिकी निघतं या निव्वळ भौतिकीच्या अंदाजाने काढलं: ३१,७२,०६,३७५. दोन नॉर्वेजियन गणितज्ञांनी संगणकावर रीतसर मोजलं, तर २,६८,२५,४९,४२५. सगळ्यांनी आमच्याकडेच संशयाने बघितलं. थोड्याच दिवसांत चूक सापडली, ती गणितवाल्यांच्या प्रोग्रॅममध्ये! काटेकोर सिद्धता काही वर्षांनी मागून आली.

@मास्तर, तुमची संख्या अस्तित्वात नसेलही. आयझेनमन आणि द्युमिनिल-कोपां यांचा २०२१ चा निकाल तुम्हाला ठाऊक असेल. चार मितींतलं फाय-फोर, म्हणजे हिग्ज क्षेत्राच्या (कणांना वस्तुमान देणारं क्षेत्र) स्वतःशी असलेल्या क्रियेचं सर्वात साधं रूप, जाळी बारीक करत शून्यापर्यंत नेलं की क्रिया नाहीशी होते आणि नुसतं मुक्त क्षेत्र उरतं. म्हणजे तुम्ही शोधताय ती वस्तू तिथे नाही, हे तुमच्याच लोकांनी सिद्ध केलं. हिग्ज कण मात्र २०१२ मध्ये सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत सापडला. जाळीच्या आतलाच सिद्धांत खरा, सातत्याची हौस तुमची.

कुलाबा_लोकल:
भांडणात एक आपल्याकडची गोष्ट टाकतो. १९६५ मध्ये मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) नरसिंहन आणि शेषाद्री यांनी रीमान पृष्ठांवरच्या स्थिर सदिश बंडलांचं (पृष्ठाच्या प्रत्येक बिंदूला एक सदिश अवकाश जोडलेली रचना) प्रमेय दिलं. निव्वळ भूमिती. १९८३ मध्ये डोनाल्डसनने त्याची नवी सिद्धता दिली, ती यांग-मिल्सच्या, म्हणजे भौतिकीवाल्यांच्या बलांच्या समीकरणांच्या, अंगाने. देवाणघेवाण दोन्हीकडून चालते, एवढंच.

खडूचा_तुकडा:
छान माहिती, पण ते क्लासिकल यांग-मिल्स. इथे वाद क्वांटमचा चाललाय.

माजी_मास्तर:
@शून्योत्तर, मुद्दा चांगला काढलात, पण तो माझ्या पारड्यात पडतो. (तो निकाल एकाच घटकाच्या क्षेत्राचा आहे, हिग्जला चार घटक असतात, पण ते सोडा.) जाळी काढून टाकता येत नाही, हे कळलं कसं? पाया खणायला गेलेल्या लोकांमुळेच ना? दोन-तीन मितींत ग्लिम आणि जाफे यांनी तेच फाय-फोर काटेकोरपणे उभं करून दाखवलं, म्हणून चार मितींत वेगळं काय घडतं हा प्रश्न नीट विचारता आला.

आणि सगळे सिद्धांत फाय-फोरसारखे नाहीत. यांग-मिल्समध्ये अंतर कमी होईल तसं बल क्षीण होत जातं. ग्रॉस, विल्चेक आणि पोलित्झर यांनी १९७३ मध्ये दाखवलं. तिथे जाळी शून्यावर नेली तरी सिद्धांत टिकेल अशी सगळ्यांची अपेक्षा आहे. तो टिकतो आणि त्यात वस्तुमानाची दरी असते, म्हणजे सर्वात हलक्या कणालाही शून्यापेक्षा जास्त वस्तुमान असतं, हे सिद्ध करायला क्ले या गणित संस्थेने २००० मध्ये दहा लाख डॉलर लावले. ते अजून कुणी नेलेले नाहीत.

शून्योत्तर:
पण प्रोटॉनचं वस्तुमान २००८ मध्येच जाळीवर काही टक्क्यांच्या आत निघालं. दहा लाख डॉलर न मिळता!

माजी_मास्तर:
निघालं, आणि ते काम मला मनापासून आवडतं. पण ते प्रबळ बल, प्रोटॉनला बांधून ठेवणारं. आता तुमचा 'जाळी घाला आणि मोकळे व्हा' हा सल्ला क्षीण बलावर वापरून दाखवा. क्षीण बल वाहणारा डब्ल्यू बोझॉन हा कण फक्त डावखुऱ्या (फिरकी गतीच्या उलट दिशेची असणाऱ्या) कणांशी बोलतो. नील्सन आणि निनोमिया यांनी १९८१ मध्ये सिद्ध केलं की साध्या जाळीवर डावखुरा फर्मिऑन (इलेक्ट्रॉनसारखा पदार्थकण) ठेवला की उजवा जोडीदार आपोआप येऊन बसतो. प्रबळ बलाला त्याने बिघडत नाही, तिथे डावे-उजवे सारखेच. त्यातून वाट काढायचे प्रयत्न गेली चाळीस वर्षं चालू आहेत, पण अख्खं स्टँडर्ड मॉडेल (सगळ्या ज्ञात कणांचा आणि गुरुत्वाकर्षण सोडून बाकी बलांचा सिद्धांत) जाळीवर बसवायची सर्वमान्य रीत अजून नाही. विल्सनचं उत्तर पुरेसं आहे म्हणता, तर तुमच्या सर्वात यशस्वी सिद्धांताला ते लावता का येत नाही?

शून्योत्तर:
डब्ल्यू बोझॉनचे हिशेब त्यामुळे अडले का? आकृत्या काढूनच होतायत ना?

माजी_मास्तर:
होतायत. म्हणजे फिरून श्रेणीच्या पहिल्या मोजक्या पदांवरच आलात. डायसनबद्दलची माझी प्रतिक्रिया वर आहे, पुन्हा वाचा.