मदत हवी आहे: कॅज्युअल्टीच्या दारात काय सांगितलं म्हणजे ईसीजी लगेच काढतात?

आईला १९ दिवसांपूर्वी हार्ट अटॅक आला. आता घरी आहे, घरातल्या घरात चालते. पण ती सकाळ माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून विचारतेय.

आई ६७ वर्षांची, १८ वर्षांपासून मधुमेह. आम्ही भांडुपला राहतो. पहाटे सहाच्या सुमाराला तिच्या पोटात वरच्या बाजूला जळजळ सुरू झाली, मळमळायला लागलं, गाऊन घामाने चिंब. छातीत दुखतंय असं ती एकदाही म्हणाली नाही. "रात्री वालाची उसळ खाल्ली ना, तीच बाधली," म्हणून ओवा चावत बसली. जबडा ओढल्यासारखा वाटतोय म्हणाली तेव्हा मात्र मी रिक्षा बोलावली. ६.५० ला जवळच्या एका खासगी रुग्णालयात पोचलो.

खिडकीवर विचारलं, काय होतंय? मी म्हटलं, "ॲसिडिटी झालीय बहुतेक, घाम येतोय." मग केसपेपर, डिपॉझिट, बाकड्यावर बसणं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी (आरएमओ) पोट दाबून पाहिलं आणि ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं. ईसीजी निघाला ७.४५ ला. पट्टी बघितली आणि एकदम सगळे धावायला लागले. तिथे कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करायची खोली) नव्हती. ८.१० ला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, मग ॲम्ब्युलन्सने दुसऱ्या रुग्णालयात हलवलं. अँजिओप्लास्टी झाली ती दुसऱ्या दिवशी ११ वाजता. कार्डावर इन्फिरिअर वॉल एमआय (हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक) लिहिलंय, इकोत (हृदयाची सोनोग्राफी) हृदयाचं पंपिंग ४५ टक्के.

मी "ॲसिडिटी" म्हटलं नसतं तर तो पाऊण-एक तास वाचला असता का? अँजिओप्लास्टीला दुसरा दिवस उजाडला, तोही उशीरच ना? लालबागला माझी मावशी एकटी राहते, तिलाही शुगर आहे. तिच्यावर ही वेळ आली तर दारात नेमकं काय बोलायचं?

प्रतिसाद

ताई, मी पालिकेच्या रुग्णालयात कॅज्युअल्टीला सिस्टर आहे. ११ वर्षं झाली. आधी एक सांगते: नातेवाईक काय म्हणतात त्यावर निदान करायचं नसतं. मधुमेही, साठीच्या पुढची बाई, वर घाम. एवढ्यावर ईसीजी निघायला हवा होता. रुग्ण दारात आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी काढून डॉक्टरांनी पाहायचा, असा नियम आहे, केसपेपर व्हायचा असला तरी. मधुमेहात छातीत न दुखताही अटॅक येतो. बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांनाही बऱ्याचदा नुसती मळमळ, दम किंवा थकवा जाणवतो. मी नवीन मुलींना सांगते, जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठलीही तक्रार असली की आधी ईसीजी.

दुसऱ्या दिवशीच्या अँजिओप्लास्टीचं मनाला लावून घेऊ नका. कॅथलॅब असेल तर दारापासून ९० मिनिटांत बंद रक्तवाहिनीत फुगा फुगवायचा असतो, म्हणजे अँजिओप्लास्टी. नसेल आणि दुसरीकडे पोचून अँजिओप्लास्टी व्हायला दोन तासांहून जास्त लागणार असतील, तर रुग्ण दारात आल्यापासून अर्ध्या तासात गुठळीचं इंजेक्शन द्यायचं, आणि ते लागू पडलं तर अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांची तपासणी, लागली तर त्यातच अँजिओप्लास्टी) पुढच्या २४ तासांत. ७.४५ नंतर तुमच्याकडे कामं साधारण वेळेत झाली आहेत, अँजिओप्लास्टीला २४ तासांपेक्षा दोन-तीन तासच जास्त लागले. वेळ गेला तो त्याआधी.

दारात निदान सांगू नका, लक्षणं सांगा: "वय ६७, शुगर आहे, सहा वाजल्यापासून घाम, जबडा ओढतोय, हार्टची शंका आहे, ईसीजी आधी काढा." पहिला नॉर्मल आला आणि त्रास चालूच असला तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढायला सांगा. ट्रोपोनिन ही रक्ततपासणी पहिल्या तासांत नॉर्मल येऊ शकते, तेवढ्यावर घरी नेऊ नका. आणि शेजारीपाजारी जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवायला देतात, ती स्वतःच्या मनाने नको. इन्फिरिअर अटॅकमध्ये कधी हृदयाच्या उजव्या कप्प्यालाही इजा होते, मग त्या गोळीने बीपी धाडकन पडतं.

पंपिंगचा आकडा आत्ताच पक्का धरू नका. दुखावलेला स्नायू काही आठवड्यांत सावरतो, साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा इको होईल. गोळ्या मात्र एक दिवसही चुकवू नका, स्टेंट (रक्तवाहिनीतली जाळी) आहे.

प्रतिसाद

मावशींच्या घराजवळ रात्रीही कॅथलॅब चालू असलेलं रुग्णालय कोणतं, ते आजच फोन करून विचारून ठेवा. बोर्डवर "२४ तास" लिहिलेलं असतं, पण अँजिओप्लास्टी करणारी टीम रात्री येते का, हे वेगळं विचारावं लागतं. १०८ ला (सरकारी ॲम्ब्युलन्स) फोन केलात तर गाडीत प्रशिक्षित माणूस असतो, रिक्षात कोणी नसतं.

धागाकर्ती

सिस्टर, तुमचं वाचून बऱ्याच दिवसांनी रडले. ते वाक्य मावशीच्या पर्समध्ये कागदावर लिहून ठेवलंय, गोळ्यांच्या नावांसह. परळचं केईएम तिच्या घरापासून जवळ आहे, तिथे चौकशी करायला उद्या जाते.

एक अजून विचारायचं आहे. मावशी रात्री आतून कडी लावून झोपते. चक्कर येऊन पडली तर दार उघडायचं कसं? शेजारी चावी ठेवली तरी आतली कडी तशीच राहते. ज्यांच्या घरी एकटं माणूस आहे त्यांनी काय सोय केलीय?