मानेच्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन: रुग्ण जागा हवा की झोपलेला?

बिनटाका
मेंदूकडे जाणारी मानेतली कॅरोटिड चरबीच्या थराने अरुंद झाली की सर्जन ती उघडून थर सोलून काढतात. तेवढा वेळ वाहिनीला क्लॅम्प, म्हणजे रक्त अडवणारा चिमटा लागतो. त्या बाजूच्या मेंदूचं उरलेल्या वाहिन्यांवर भागतंय का, हे लगेच कळायला हवं. माझं मत स्पष्ट आहे, रुग्ण जागा ठेवा. मानेत इंजेक्शनं देऊन तेवढाच भाग बधिर करायचा आणि विरुद्ध बाजूच्या हातात दाबलं की चूं वाजणारं रबरी खेळणं द्यायचं. चूं थांबलं किंवा बोलणं अडखळलं, की शंट, म्हणजे तात्पुरती नळी घालून रक्त चालू करायचं. झोपलेल्या रुग्णात मेंदूच्या विद्युत लहरी बघणारा ईईजी, रक्ताचा वेग मोजणारा डॉपलर, हे सगळे अंदाज. माणूस स्वतः उत्तर देतोय म्हटल्यावर आणखी काय हवं?

भूलेश्वर
ऐकायला झकास. पण पूर्ण भूल आणि स्थानिक भूल यांची तुलना करणारी २००८ची गाला चाचणी बघा. २४ देश, ३,५२६ रुग्ण. महिनाभरात मेंदूचा झटका (स्ट्रोक), हार्ट अटॅक किंवा मृत्यू: पूर्ण भुलीत ४.८ टक्के, स्थानिक भुलीत ४.५. याला फरक म्हणायचं? ऑपरेशनच्या वेळचे बहुतेक झटके रक्त कमी पडून येत नाहीत, थराचे कण किंवा गुठळी सुटून वर गेल्याने येतात. म्हणून तर क्लॅम्पच्या आधी रक्त गोठू न देणारं हेपॅरिन देतात आणि वाहिनी सुटी करताना ती कमीत कमी हाताळतात. तुमचं खेळणं कण अडवत नाही.

बिनटाका
त्याच चाचणीतलं पुढचंही सांगा की. पूर्ण भुलीत ४३ टक्के लोकांना शंट घातला, स्थानिक भुलीत १४ टक्क्यांना. म्हणजे किती जणांना नळी निव्वळ शंकेपोटी गेली! ती सरकवतानाच कण सुटू शकतो, अस्तर सोलवटू शकतं.

भूलेश्वर
मग त्या जादा नळ्यांचा भुर्दंड निकालात का दिसला नाही? सवयीच्या हातात शंट फार त्रास देत नाही. आमच्याकडे टेबलावर घाबरलेला रुग्ण खोकतो, मान हलवतो. सर्जनच्या चिमट्यात उघडी कॅरोटिड असताना ते बघायला या एकदा.

कोल्हापूरची_सून
सासऱ्यांचं जागेपणीच झालं. ते सांगतात, दुखलं फारसं नाही. पण तोंडावर कापड, मान एका अंगाला, त्यात लघवीची घाई, आणि बीपी चढतच गेलं. भूलतज्ज्ञ मॅडम 'आबा, झालंच आता' म्हणत हात धरून बसल्या म्हणून निभावलं. कोंदट जागेत ज्याचा जीव घाबरतो त्याला झोपवाच. आधी रुग्णाला विचारतं कोण? आम्हाला तर सही करतानाच कळलं.

कृष्णाकाठ
तुम्ही दोघं क्लॅम्पपाशीच अडकलात. क्लॅम्प असेपर्यंत रक्तदाब नेहमीपेक्षा थोडा वर ठेवायचा, म्हणजे आडवाटेने रक्त पोचतं. क्लॅम्प सुटला की उलटं, दाब चढू द्यायचा नाही. वर्षानुवर्षं कमी दाबाची सवय झालेल्या मेंदूत रक्ताचा लोंढा शिरतो. त्या बाजूचं डोकं ठणकतं, फिट येऊ शकते, क्वचित रक्तस्राव होतो, तोही काही दिवसांनी. घरी पाठवताना बीपीचं मशीन घ्यायला किती जण सांगतात?

बिनटाका
बीपीचं पटलं. पण डोकं ठणकतंय हे जागा माणूसच सांगणार ना?

भूलेश्वर
वॉर्डात सगळेच जागे असतात हो.